घरामागची भाजीची वाडी आणि चितळांचा कळप: कुंपण कसे आखावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ताडोबाच्या बफर क्षेत्रातील, म्हणजे जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातील गावात घरामागे पाच गुंठ्यांची भाजीची वाडी आहे. तिच्याभोवती चार फूट उंचीपर्यंत काटेरी तारेचे तीन पदर ओढलेले आहेत. तरीही दिवाळी उलटली की चितळांचा कळप रात्री आत शिरतो आणि चवळी, पालक, फुलकोबी फस्त करून जातो. आठ फुटी जाळीचे कुंपण परवडण्यासारखे नाही, आणि शेजारी तारेत वीज सोडण्याचा सल्ला देत आहेत. यावर माझे मत आधीच सांगतो: आठ फुटी जाळीची गरज नाही, आणि शेजाऱ्यांचा सल्ला कोणत्याही परिस्थितीत मानू नये. पाच गुंठे ही जागा लहान आहे, आणि लहान जागा हरणांपासून पूर्णपणे राखता येते. उरलेल्या वावराची चिंता काही काळ बाजूला ठेवून आधी एवढीच जागा चारही बाजूंनी, खालून वरपर्यंत बंद करावी. अर्ध्या खर्चात सगळे वावर अर्धवट बंद करण्याच्या नादात दोन्ही हातचे जाते, हे मी अनेक गावांत पाहिले आहे.

तत्पूर्वी नासधूस नक्की कोणाची आहे, याची खात्री करून घ्यावी, कारण त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. हरणांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ती पाने कापत नाहीत, खालचे दात आणि वरची टणक हिरडी यांच्यात धरून ओढून तोडतात. चवळीचा शेंडा हातात घेऊन पाहिला, तर हरणाने खाल्लेल्या देठाचे टोक फाटलेले, तंतू लोंबणारे दिसते. सशाने खाल्लेले टोक सुरीने तिरपे छाटल्यासारखे स्वच्छ असते. रानडुक्कर माती उकरते आणि कंदाच्या मागे लागते. माकडे अर्धवट चावलेली फळे टाकून जातात. रोही, म्हणजे नीलगाय, आले असेल, तर माणसाच्या छातीच्या उंचीवरचेही शेंडे गेलेले दिसतील आणि एकाच जागी साठलेला लेंड्यांचा मोठा ढीग सापडेल. चितळाचा खूर लहान, टोकदार आणि दुभंगलेला उमटतो. कळप असल्यामुळे ठसे एकावर एक पडलेले असतात. वाडीच्या कडेने दोन हात रुंदीची माती संध्याकाळी दाताळ्याने सारखी करून ठेवावी आणि सकाळी दवात पाहावी. दोन-तीन रात्रींत जनावर कोणते, किती आणि मुख्य म्हणजे कोणत्या जागेवरून आत येते, हे कळते.

ही शेवटची गोष्ट बहुतेक जण पाहतच नाहीत. चितळ उडी मारून आत येते, असा आपला समज असतो, आणि तारेची उंची वाढवत नेण्यात पैसा जातो. चितळ पाच फुटांच्या आसपासची उडी घेऊ शकते हे खरे. पण घाबरून पळायची वेळ आल्याशिवाय ते शक्यतो उडी मारत नाही. निवांत असलेले चितळ कुंपणापाशी आले की थांबते, कान पुढे करते, तारेच्या कडेने दहा-वीस पावले चालत जाते, मग मान खाली घालून खालच्या तारेखालची जागा हुंगते. तिथे हात-दीड हात मोकळे असेल, तर पुढचे गुडघे टेकवून, पाठ खाली दाबून ते सरकत आत जाते, आणि त्याच्यामागे एक एक करून सारा कळप जातो. आपल्या कुंपणाची खालची तार बारकाईने पाहा. तिच्या काट्यांवर तांबूस-पांढऱ्या केसांचे पुंजके अडकलेले असतील आणि खालची माती घासून गुळगुळीत झालेली असेल, तर आपली चितळे वरून येत नसून खालून येत आहेत. तीन पदरांच्या काटेरी तारेत ते अगदी सोपे आहे. अशा ठिकाणी चौथा पदर वरच्या बाजूस ओढणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

हरणाच्या नजरेविषयीही दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचे फार विस्तृत दिसते. मात्र समोरच्या वस्तू एकमेकींपासून किती अंतरावर आहेत, याचा अंदाज त्याला आपल्याइतका नेमका येत नाही. शिवाय उडी मारल्यावर पाय कुठे पडतील हे दिसल्याखेरीज ते उडी मारायला नाखूश असते. म्हणूनच आरपार दिसणाऱ्या सहा फुटी तारेपेक्षा आरपार न दिसणारा पाच-सहा फुटी आडोसा अधिक उपयोगी ठरतो, आणि एका उंच कुंपणापेक्षा थोड्या अंतरावर उभी केलेली दोन ठेंगणी कुंपणे अधिक परिणामकारक ठरतात. जागा जितकी लहान आणि चिंचोळी, तितके आत उडी मारण्याचे धाडस कमी. पाच गुंठ्यांची वाडी या दृष्टीने आपल्या फायद्याची आहे.

आता प्रत्यक्ष आखणी. पाच गुंठे म्हणजे सुमारे ५०० चौरस मीटर. वाडी २० मीटर बाय २५ मीटर अशी आखली, तर परीघ ९० मीटर भरतो. तेवढेच क्षेत्र १० बाय ५० मीटर असे लांबट ठेवले, तर १२० मीटरचे कुंपण लागते. आकार चौरसाच्या जितका जवळ, तितका खर्च कमी, त्यामुळे जुन्या धुऱ्याच्या (बांधाच्या) वळणावळणाने कुंपण नेण्याऐवजी वाडीच सरळ आखून घ्यावी. या ९० मीटरवर मी आतले कुंपण आडोशाचे सुचवतो. आपल्याकडे बांबूची वानवा नाही. दर दोन मीटरवर एक याप्रमाणे सुमारे ४५ बांबू किंवा बल्ल्या दोन फूट खोल रोवाव्यात. जमिनीत जाणाऱ्या भागाला आणि जमिनीच्या वर वीतभर डांबराचा हात द्यावा, नाहीतर वाळवी पहिल्याच पावसाळ्यात त्यांचा समाचार घेते. चारही कोपऱ्यांतल्या खांबांना तिरपा टेका हवाच. या खांबांवर सहा फूट उंचीपर्यंत बुरडांकडून घेतलेले बांबूचे तट्टे बांधावेत, किंवा दाट विणीची, म्हणजे ७५ टक्के सावलीची शेडनेट ताणून बसवावी. ५० टक्क्यांच्या नेटमधून पलीकडचे हिरवे दिसत राहते; ती घेऊ नये.

तट्टे अधिक टिकाऊ असतात आणि दुरुस्त करणे सोपे जाते, तर शेडनेट लवकर लागते पण वारा धरते. एप्रिल-मे महिन्यांतल्या वादळात शिडासारखी फुगून ती खांबांसकट आडवी होते. त्यासाठी नेटच्या वरच्या आणि खालच्या कडेतून जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार ओवून घ्यावी आणि दर चार-पाच खांबांनंतर बाहेरच्या बाजूस खुंटीला ताण द्यावा. खालची कड जमिनीपासून वर लोंबती ठेवू नये. ती वीतभर बाहेरच्या बाजूस दुमडून तिच्यावर माती आणि दगड टाकावेत. सरकत शिरण्याची सवय तिथेच मोडते.

इथे एक सावधगिरीची सूचना आहे, आणि शहरांतल्या बागांसाठी दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांत ती कधीच नसते. आपण वाघाच्या मुलखात राहता. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि बफर क्षेत्र सुमारे ११०० चौरस किलोमीटर आहे; बफरमधल्या गावांच्या वावरांतून वाघांची ये-जा असते, आणि चितळ हे त्यांच्या मुख्य भक्ष्यांपैकी एक आहे. ज्या वाडीत रोज चितळे येतात, तिथे त्यांच्या मागावर वाघ किंवा बिबट्या येण्याची शक्यता असतेच. वाडी चारही बाजूंनी झाकली, तर आत खुरपणीला बसलेल्या माणसाला बाहेरचे काही दिसत नाही. म्हणून घराकडच्या बाजूला आडोसा न करता तिथे साधी विणलेली जाळी लावावी, जेणेकरून घरातून वाडी आणि वाडीतून घर दिसत राहील. कुंपणाच्या बाहेर चारही बाजूंनी आठ-दहा पावले झुडपे काढून मोकळी ठेवावी. पहाटे आणि तिन्हीसांजेला, जेव्हा हरणांची चरण्याची आणि वाघाची फिरण्याची वेळ एक होते, तेव्हा भाजी तोडायला एकट्याने जाऊ नये. जायचेच झाले, तर दोघांनी, बोलत, आवाज करत जावे.

आता बाहेरची रांग. आतल्या आडोशापासून एक मीटर बाहेर झटका मशीनच्या, म्हणजे बॅटरीवर विजेचे क्षणिक ठोके देणाऱ्या यंत्राच्या, दोन तारा ओढाव्यात, एक जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि दुसरी ७५ सेंटिमीटरवर. परीघ ९८ मीटर होईल, म्हणजे दोन तारांना मिळून २०० मीटरच्या आसपास तार लागेल. चितळ या तारेशी येते, समोर आणखी एक आरपार न दिसणारी भिंत आहे हे पाहते, आणि दोन्हींमधली जागा एवढी अरुंद असते की तिथे उतरून पुन्हा उडी घेता येत नाही. अशा वेळी ते हुंगून पाहते, आणि हुंगताना ७५ सेंटिमीटरवरची तार त्याच्या नाकाला लागते. नाकाला लागणे महत्त्वाचे, कारण अंगावरच्या केसांतून झटका बेताचाच पोहोचतो आणि तेवढ्यात अंगाच्या जोराने जनावर आत गेलेले असते. पहिल्या आठवड्यात दर चार-पाच मीटरवर तारेला ॲल्युमिनियम फॉइलची लहान पट्टी दुमडून लावावी आणि तिला आतून शेंगदाण्याचा कूट व गूळ कालवून चोपडावा. चितळ वासाने जवळ येऊन चाटायला जाते आणि एकदाच धडा घेते. बाहेरच्या देशांतील बागायतदार हीच युक्ती शेंगदाण्याच्या लोण्याने करतात. आपल्याकडे कूट पुरतो. मुंग्या लागल्या की पट्ट्या बदलाव्यात.

झटका मशीन म्हणजे काय, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण आपल्या शेजाऱ्यांच्या सल्ल्यात आणि यात जीवन-मरणाचे अंतर आहे. सौर पॅनेलवर भरणाऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे हे यंत्र तारेत साधारण सेकंदाला एक असे क्षणिक ठोके सोडते. दाब काही हजार व्होल्टचा असतो, पण प्रत्येक ठोका सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता टिकतो आणि त्यातील ऊर्जा मर्यादित असते. त्यामुळे जनावराला जोराचा हिसका बसतो आणि लगेच सुटका होते. घरच्या मीटरमधून किंवा खांबावरून आकडा टाकून सोडलेली वीज अखंड वाहते, स्नायू आखडून जनावर किंवा माणूस तारेलाच चिकटून राहतो आणि मरतो. २०१७ मध्ये नागभीड परिसरात श्रीनिवास नावाचा, रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ अशाच एका कुंपणातील विजेने मेला होता. अशा तारांनी माणसेही गेली आहेत, आणि बऱ्याचदा ती त्याच घरातली किंवा शेजारच्या वावरातली असतात. चितळ, सांबर, भेकर ही सगळी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत फासे लावणे, विष घालणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. पीक वाचवण्यासाठी केले, हा बचाव त्यात चालत नाही.

यंत्र घेताना ते प्रमाणित आणि ठोके देणारे आहे ना, हे पाहून घ्यावे. गावात कोणी जोडून दिलेली, घरच्या विजेवर थेट चालणारी पेटी घेऊ नये. यंत्रापेक्षाही अर्थिंगकडे लक्ष द्यावे. दहापैकी आठ ठिकाणी "मशीन काम करत नाही" या तक्रारीचे मूळ अर्थिंगमध्येच असते. हिसका बसण्यासाठी वीज तारेतून जनावराच्या अंगात, तिथून जमिनीत आणि जमिनीतून यंत्राकडे परत यावी लागते. आपली काळी माती पावसाळ्यात हे काम उत्तम करते; पण फेब्रुवारीनंतर तिला भेगा पडतात, वरचा थर कोरडा होतो आणि चक्र पूर्ण होत नाही. मुरमाड जमिनीत तर बाराही महिने हीच अडचण. त्यासाठी किमान तीन जीआय सळया, प्रत्येकी एक मीटरपेक्षा खोल, एकमेकींपासून तीन मीटर अंतरावर ठोकून एकाच तारेने जोडाव्यात. मोरीचे पाणी जिरते ती जागा त्यासाठी चांगली. तसे जमत नसेल, तर सळयांभोवती कोळसा आणि मीठ घालून आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतावे. उन्हाळ्यात खालची तार अर्थिंगला आणि वरची यंत्राला जोडली, तर कोरड्या जमिनीवरही दोन्ही तारांना एकदम लागणाऱ्या जनावराला पूर्ण झटका बसतो.

तारेवरचा दाब टेस्टरने आठवड्यातून एकदा तपासावा. यंत्रापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात तो ५००० व्होल्टच्या आसपास असावा; ३००० च्या खाली गेला, तर चितळे फारशी जुमानत नाहीत. दाब उतरण्याचे नेहमीचे कारण म्हणजे तारेला टेकलेले गवत. श्रावण-भाद्रपदात आठ दिवसांत गवत हातभर वाढते आणि ओले असल्यामुळे सगळी वीज जमिनीत उतरवते. तारेखालचा दोन फुटांचा पट्टा खुरपून साफ ठेवणे हाच त्यावरचा उपाय. तणनाशकाने भागते असे लोक म्हणतात, पण भाजीच्या इतक्या जवळ मी त्याच्या वाटेला जाणार नाही. यंत्र रात्रंदिवस चालू ठेवावे. वीज वाचवण्यासाठी दिवसा बंद करण्याची सवय महागात पडते; एकदा का मेलेली तार नाकाला लागली, की चितळे ती ओळखतात आणि कळपाला पुन्हा शिकवायला महिना जातो. रस्त्याकडच्या बाजूला मराठीत मोठ्या अक्षरांत सूचना असलेली पाटी लावावी आणि घरातल्या लहान मुलांना तार दाखवून समजावून सांगावे.

फाटक हा प्रत्येक कुंपणाचा कच्चा दुवा असतो. ते घराकडच्या बाजूलाच असावे, आपोआप बंद होणारे असावे, आणि त्याच्याखाली उंबरठ्यासारखा दगड असावा, म्हणजे खालची फट राहत नाही. दुसरी कच्ची जागा म्हणजे पाण्याचा पाट किंवा चर जिथे कुंपणाखालून जातो ती. वर कुंपण सरळ आणि खाली हात-दीड हात खोल चर, म्हणजे चितळांसाठी आयते दार. तिथे चराच्या रुंदीएवढ्या आडव्या बांबूला बोटभर अंतराने बांबूच्या कामट्या लोंबत्या बांधाव्यात. पाणी आले की त्या झुलतात, आणि कोरड्या दिवसांत जाळीचे काम करतात.

वाडीत काय कुठे लावावे, याचाही उपयोग आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नये. चवळी, वाल, वाटाणा, हरभऱ्याचा पाला, पालक, मेथी, कोबी-फुलकोबी, रताळ्याचे वेल आणि भेंडीचे कोवळे शेंडे ही चितळांची आवड. हळद, आले, लसूण, कांदा, सुरण आणि अळू यांना ती सहसा तोंड लावत नाहीत. वांग्याची जून काटेरी पानेही टाळतात, मात्र कोवळी रोपे सोडत नाहीत. त्यामुळे आवडीच्या भाज्या घराजवळ आणि मध्यभागी, आणि कुंपणाच्या आतल्या कडेने हळद, लसूण, सुरण असे लावावे. कुंपणाबाहेर मात्र काहीच हिरवे ठेवू नये. पाणी झिरपून बाहेर उगवलेले मायाळू आणि कोवळे गवत हेच हरणांना कुंपणापाशी रेंगाळायला लावते. मे महिन्यात जंगलातले गवत वाळून गेलेले असते आणि ओलिताची वाडी हा परिसरातला एकुलता एक हिरवा तुकडा उरतो. तेव्हा आवडनिवड शिल्लक राहत नाही, आणि खाल्ले नाही तरी कळपाच्या खुरांखाली वाफे तुडवले जातातच. पाटाने पाणी देण्याऐवजी ठिबक बसवले, तर बाहेरचे गवतही कमी होते आणि डबकी साचत नाहीत.

रोपवाटिकेचा वाफा वेगळा झाकावा. बांबूच्या कामट्यांच्या कमानी करून त्यावर क्रॉप कव्हर म्हणतात ते पांढरे हलके कापड टाकले आणि कडा मातीने दाबल्या, की कुंपणात काही कारणाने फट राहिली तरी फुलकोबीची रोपे वाचतात. कव्हरऐवजी मासेमारीचे जुने जाळे टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती टाळावी. त्यात नराची शिंगे अडकतात, धामण-नागासारखे साप गुंततात, आणि सकाळी एक नवाच प्रसंग समोर उभा राहतो.

आता जुन्या साड्या, बुजगावणी आणि वासाचे उपाय. धुऱ्यावर जुन्या साड्या बांधणे महाराष्ट्रभर चालते आणि ते अगदीच निरुपयोगी नाही, कारण त्या आडोसाही करतात आणि वाऱ्यावर हलतातही. लाल साडीला हरीण घाबरते हा समज मात्र चुकीचा आहे. हरणांना लाल रंग आपल्यासारखा ठळक दिसत नाही, निळा आणि पांढरा अधिक उठून दिसतो. बुजगावणे, चमकणाऱ्या पट्ट्या, रात्री लुकलुकणारे दिवे, वाघाच्या डरकाळीची ध्वनिफीत ही सगळी साधने काही दिवस काम करतात. मग चितळे त्यांना सरावतात. त्यांची जागा आणि प्रकार दर आठवड्याला बदलत राहिल्यास मुदत थोडी वाढते, आणि कुंपण उभे होईपर्यंतचे दिवस त्यावर काढता येतात. लिटरभर पाण्यात एक-दोन अंडी फेटून दोन-तीन दिवस आंबवलेले पाणी कुंपणाच्या तट्ट्यांवर बाहेरून शिंपडले, तर त्या सडक्या वासाने हरणे बिचकतात. पंधरा दिवसांनी, आणि जोराचा पाऊस झाल्यास लगेच, ते पुन्हा शिंपडावे लागते. खायच्या पालेभाजीवर ते कधीही शिंपडू नये. फोरेट या कीटकनाशकाचे दाणे बाटल्यांत भरून कुंपणाला टांगण्याची पद्धत विदर्भात अजून दिसते. फोरेट अत्यंत विषारी आहे आणि ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्याच्या विक्रीवर आणि वापरावर बंदी आहे. कोणाकडे जुना साठा असला, तरी भाजीच्या वाडीच्या आसपास तो आणू नये. उन्हाळ्यात फटाके फोडणेही टाळावे, कारण पालापाचोळ्याला आग लागण्याची भीती त्यात अधिक असते.

राखणीसाठी कुत्रा बांधण्याचा विचार आपल्या मनात येईलच. बिबट्याच्या मुलखात रात्री उघड्यावर बांधलेला कुत्रा हे त्याला दिलेले आमंत्रण असते. मोकळे कुत्रे चितळांच्या पाडसांचा पाठलाग करून त्यांना फाडतात. कुत्रा असावा, पण रात्री घरात. मचाणावर बसून जागल करण्याची परंपरा धानाच्या वावरात ठीक आहे. पाच गुंठ्यांच्या भाजीसाठी रात्रभर जागण्याची पाळी येत असेल, तर कुंपणात काहीतरी राहून गेले आहे असे समजावे आणि सकाळी कडेने एक फेरी मारून ते शोधावे.

कोकणात किंवा सह्याद्रीच्या माथ्यावर राहणाऱ्यांनी ही आखणी जशीच्या तशी उचलू नये. तिथल्या परसात येणारे भेकर एकटे, लाजाळू आणि ठेंगणे असते; त्याला चार फुटी आडोसा आणि खाली बुजवलेली फट एवढे पुरते. सांबर खांद्यापाशीच चार-साडेचार फूट उंच असते, त्याच्यासाठी बाहेरच्या रांगेत तिसरी तार ११० सेंटिमीटरवर हवी. गवा मात्र आडोशाची पर्वा करत नाही, सरळ चालत येतो. त्याच्यापुढे चालू असलेल्या झटका मशीनखेरीज बांबूचा निभाव लागत नाही.

खर्चाबाबत आणखी एक. व्याघ्र प्रकल्पांच्या बफर क्षेत्रातील गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेखाली सौर कुंपणासाठी अनुदान मिळते. त्याची चौकशी गावच्या परिस्थितिकीय विकास समितीकडे आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी. मंजुरीला वेळ लागतो, तेव्हा अर्ज पावसाळ्याआधीच द्यावा आणि बांबूचे काम त्यासाठी थांबवू नये. उरलेल्या वावरातील हरभरा किंवा तुरीचे नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे तक्रार नोंदवावी, सातबारा जोडावा, आणि पंचनामा होईपर्यंत ठसे व खाल्लेली झाडे तशीच ठेवून त्यांचे फोटो काढून ठेवावेत.

कुंपण पूर्ण करण्याची वेळ पेरणीच्या आधीची ठेवावी. भाजी एकदा चाखलेला कळप त्या जागी पुन्हा पुन्हा धडका देतो. नव्याने लावलेल्या वाडीला पहिल्या दिवसापासून तार चालू असेल, तर तो तिची दखल न घेता पुढे जातो. आपल्याकडे चितळे आधीच सोकावलेली आहेत, म्हणून या हंगामातले उरलेले पीक शक्य तितके लवकर काढून घ्यावे, पंधरा दिवस वाडी रिकामी ठेवावी, त्या काळात दोन्ही कुंपणे उभी करून तार चालू करावी, आणि मगच पुढचे वाफे लावावेत.

आणि एखादे चितळ चुकून आत अडकलेच, तर त्याला हाकलायला चौघांनी काठ्या घेऊन धावू नये. घाबरलेले हरीण तट्ट्यांवर धडका घेते, पाय मोडून घेते, आणि फार दमछाक झाली तर पकडल्यानंतर काही वेळाने नुसत्या ताणानेही मरते. झटका मशीन बंद करावे, फाटक पूर्ण उघडावे, दिवे मालवावेत आणि सगळ्यांनी घरात जावे. बहुतेक वेळा ते अर्ध्या तासात आपोआप बाहेर पडते. जखमी असेल किंवा तारेत गुंतले असेल, तर त्याला हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि पथक येईपर्यंत माणसे व कुत्री दूर ठेवावीत.